हळदीच्या चार कोपऱ्यांचं पत्र

माझ्या सासूबाईंच्या गाडीला कधी पाटी लागली नाही. ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत काम करणारी पोरं तिला 'मावशीची गाडी' म्हणायची, आणि तेवढ्यावर सगळं चालायचं. तीन नंबरच्या गेटासमोर, बदामाच्या झाडाखाली ती उभी असायची. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, आणि शुक्रवारी कोलंबीचं कालवण. आई, म्हणजे सासूबाई, भाकरी थापायच्या, गल्लीतली भिमाबाई भाजायची, आणि मी सकाळी घरात वाल सोलून, कांदा चिरून डबे भरून द्यायची. क्षिप्रा झाल्यापासून माझं गाडीवर जाणं बंद झालं होतं. क्षिप्रा म्हणजे माझी लेक. तेव्हा ती नुकतीच भिंत धरून चालायला लागली होती, आणि भिंत संपली की भिंतीवरच रागवायची.

त्या दिवशी चटणीचा डबा घरीच राहिला म्हणून मी तिला कडेवर घेऊन गाडीवर गेले, आणि नेमके हौसेराव तिथे आले. हे गेटावरचे सिक्युरिटीवाले, मूळचे साताऱ्याकडचे. रोज दोन भाकऱ्या खायचे आणि आपल्या गावच्या बाजरीच्या भाकरीला यापेक्षा चव असते हे रोज सांगायचे. त्या दिवशी सांगितलं नाही. तेव्हाच मला शंका आली.

"मावशी, फुटपाथ नवा व्हणार हाय," ते म्हणाले. "महिन्याच्या शेवटाला समद्या गाड्या उठणार."

आईंच्या हातातली भाकरी फिरायची थांबली नाही. "मंग आमी कुठं जावाचा?"

"त्येच सांगाया आलोय. आत कॅन्टीनमदी एक काउंटर रिकामा झालाय. मॅडमनी नोटीस लावलीया. ज्याला पायजे त्यानं लेटर द्यायचं. इंग्लिशमदी. कागद पुढं बंगळूरच्या हापिसात जातोय म्हनं."

"इंग्लिशमदी कनाला? भाकरी इंग्लिशमदी खातान का?"

"खाऊ द्यात कशीबी, पर मागायची इंग्लिशमदीच."

आईंनी हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. "ही हाय ना. बीए हाय."

"आई, मी बीए मराठी घेऊन केलंय."

"बीए ता बीए."

हौसेरावांनी आवाज खाली आणला. "वयनी, दोन मोठे केटररबी हायती. फायली घिऊन येत्यात. तुमी उशीर नगा करू."

 घरी आल्यावर दारात चप्पल काढताना आई म्हणाल्या, "मना घरान बसवू नको गो नमिते. बसले तर मी लोनच्यासारखी मुरन." आणि हात धुवायला गेल्या. त्यांनी चूल, शेत, खाडी, बाजार सगळं केलेलं. पण त्या गाडीपाशी उभ्या असल्या की दुपारी साठ-सत्तर पोरं त्यांना मावशी म्हणायची, कुणी परीक्षेचं सांगायचं, कुणी ब्रेकअपचं. आईंना ब्रेकअप म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं कळायचं. ती सगळी पोरं आता एका कागदावर अवलंबून होती, आणि तो कागद मी लिहायचा होता.

मला इंग्रजीत एकच पत्र येत होतं. शाळेत मुख्याध्यापकांना लिहायचा रजेचा अर्ज. मला ताप आला आहे, कृपया दोन दिवसांची रजा मिळावी. तो मी इतका पाठ केला होता की त्याला पैकीच्या पैकी मार्क पडायचे. म्हणजे इंग्रजीत मला फक्त आजारी पडता येत होतं.

दुपारी क्षिप्रा झोपली की ती माझ्या अंगावरच झोपायची. खाली ठेवलं की जागी. त्यामुळे एक हात तिच्या पाठीवर आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाईलवर, अशी माझी लिहायची बैठक. पहिलं पत्र मी स्वतः लिहिलंच नाही. फोनलाच सांगितलं, कंपनीला एक छानसं पत्र लिहून दे. त्यानं दिलं. त्यात 'एस्टीम्ड ऑर्गनायझेशन' होतं, 'कलिनरी एक्सलन्स' होतं, आणि एके ठिकाणी 'सिनर्जी' होती. मी संध्याकाळी ते माझ्या नवऱ्याला, रूपेशला, वाचून दाखवलं. तो लिफ्टच्या मेंटेनन्सचं काम करतो. दिवसभर लोकांना वरखाली पाठवून दमून आला होता.

"कडक आहे," तो म्हणाला. "मला काहीच कळलं नाही, म्हणजे भारीच असणार."

मी ते ई-मेलनं पाठवून दिलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, म्हणून मला आधी आनंद झाला. मग वाचलं. आभार मानले होते, आणि खाली एकच प्रश्न होता: आपण नक्की काय मागत आहात, ते कृपया कळवाल का? शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सही केलेली प्रत गेटावर दिल्यास विचार करता येईल. खाली नाव होतं, मोनाली देसाई, हेड, ॲडमिनिस्ट्रेशन.

"काय म्हनतं?" आईंनी विचारलं.

"म्हणतात, काय पाहिजे?"

"मंग एवरा मोठा काय लिवलास तू?"

मी पत्र पुन्हा वाचलं. पानभर पत्रात काउंटर हा शब्द मी कुठेच लिहिला नव्हता. आणि सुरुवात केली होती 'रिस्पेक्टेड सर' अशी. मोनाली देसाईंना.

त्या रात्री जेवताना सगळ्यांनी मिळून माझं पत्र लिहिलं. रूपेशचं म्हणणं, थोडा मस्का लाव. आम्ही गरीब बायका, आपण मोठ्या मनाच्या, आपल्या कृपेनं आमची चूल पेटेल. "असंच लिहितात. कॉर्पोरेटवाल्यांना आवडतं. टेन्शन नको घेऊ."

"कोन गरीब?" आई म्हणाल्या. "तू गरीब असशील. माझे हाताची भाकरी खाऊन त्या पोरांचा पोट भरतं, आनि मी तिची कृपा मागू?"

"मग तुम्ही सांगा काय लिहायचं."

"लिव. ज्या जागेवर तुमची बिल्डिंग उभी हाय, तिथं माझे सासऱ्याचा भात व्हता. बांधावर मी गवत कापलाय. आता आमाला फुटपाथवरून बी उठवतान. लिव ता."

"आई, हे पत्र आहे, मोर्चा नाही," रूपेश म्हणाला.

"मंग तुझा काय हाय? भिकेचा वाडगा?"

क्षिप्रानं मधेच ताट ओढलं, आणि पत्राचा विषय वरणात बुडाला.

पुढचे दिवस मी रोज दुपारी लिहायची आणि रोज पुसायची. मस्का लावला की आईंचा चेहरा समोर यायचा. भांडण लिहिलं की मोनाली देसाईंचं ते एक वाक्य आठवायचं: आपण नक्की काय मागत आहात? मी दोन्ही थोडं थोडं घालून बघितलं, तर पत्र अर्धं रडायचं आणि अर्धं डोळे वटारायचं.

गुरुवारी माझी अक्कलदाढ काढायची होती, नेरूळला. तारीख महिनाभर आधी मिळालेली, पुढे ढकलता येत नव्हती. भिमाबाई म्हणाली, एक दिवस गाडी मी बघते, आणि आई घरी थांबल्या. क्षिप्राला सोडून मी पहिल्यांदाच एवढा वेळ बाहेर जाणार होते. सकाळी मी फ्रीजवर एक चिठ्ठी लावली. आई चौथीपर्यंत शिकलेल्या, मोठं अक्षर असलं की वाचतात. म्हणून मोठ्या अक्षरात लिहिली.

'अकराला वरणभात, मऊ करून. तिसऱ्या घासाला तोंड फिरवेल. पोट भरलेलं नसतं, तिला खिडकीतला कावळा बघायचा असतो. दाखवा, मग खाते. झोपेच्या आधी जोरात रडेल. पोटात दुखत नाही, झोप आलेली असते. डाव्या खांद्यावर घ्या, उजव्यावर झोपत नाही. पंखा दोनवर. कपाटाचं खालचं दार उघडू देऊ नका, बोट चेमटतं. एवढं करूनही राहिली नाही तर फोन करा, मी खुर्चीत असले तरी उचलेन.'

"रूपेशला मीच वाढवला," आई म्हणाल्या. "मना चिठ्ठी देतंस?"

"राहू दे फ्रीजवर."

दाढ निघाली. परत आले तेव्हा गाल सुजलेला, ओठ बधीर, तोंडात कापूस. सबंध वाटेत मी फोन हातात धरून बसले होते. एकदाही वाजला नाही. दार उघडलं तर क्षिप्रा आईंच्या डाव्या खांद्यावर गाढ झोपलेली. पंखा दोनवर.

"तुझी चिठ्ठी बरी व्हती," आई हळू आवाजात म्हणाल्या. "रडायला लागली तशी मना वाटला, पोटच दुखतंय. हिंग लावनार व्हते. मंग फ्रीजवर बघितला. काय विचारायला फोन करायचा, ता आधीच लिवलेला."

मला बोलता येत नव्हतं, आणि ते बरंच झालं. बोलले असते तर वाद घातला असता, चहा टाकला असता, ती वेळ निघून गेली असती. मी क्षिप्राला उचलून घेतलं, भिंतीला टेकून बसले, आणि तिच्या डोक्यावर हनुवटी ठेवून फ्रीजवरच्या त्या कागदाकडे बघत राहिले. त्यात मस्का नव्हता. भांडण नव्हतं. मी किती चांगली आई आहे हे नव्हतं. ज्याच्या हातात माझं लेकरू ठेवून जायचं, आणि ज्याला मी समोर नसताना सगळं कळायला हवं, त्याला लिहिलेला कागद होता तो.

आईंची गाडी मला मोनाली देसाईंच्या हातात ठेवून यायची होती. एवढंच तर होतं.

अंगठा आपोआप चालू लागला. आधी मराठीत लिहिलं, मग एकेक वाक्य इंग्रजीत नेलं. जे वाक्य इंग्रजीत जाईना ते मोडून त्याची दोन केली. फोनला फक्त चुका दाखवायला सांगितल्या; सिनर्जी परत येऊ दिली नाही.

वर डाव्या बाजूला आमचा पत्ता, तारीख, मग त्यांचं नाव आणि हुद्दा. 'रिस्पेक्टेड सर' गेलं, 'डिअर मिस देसाई' आलं. नावानं सुरुवात केली की शेवटी 'युअर्स सिन्सियरली' लिहायचं, हे मी शोधून घेतलं. विषयाच्या ओळीत सरळ लिहिलं: कॅन्टीनमधल्या रिकाम्या काउंटरसाठी अर्ज, तांदळाची भाकरी आणि घरचं जेवण. आणि पहिल्याच वाक्यात मागणं. मराठी अर्जात आपण आधी सगळा नमस्कार-चमत्कार करून शेवटी दबकत विनंती करतो. इथे ती दारातच उभी केली. आम्हाला हा काउंटर हवा आहे.

मग आम्ही कोण. श्रीमती काशी मढवी, म्हणजे आई, श्रीमती भिमाबाई, आणि मी. गेट तीनसमोर तुमचेच लोक रोज आमच्याकडे जेवतात, त्यांना विचारा.

मग तिसरा घास आणि कावळा. म्हणजे ती बाई कुठे अडेल, ते मी आधीच शोधलं. तिला वासाची भीती वाटेल. लिहिलं: सुकट आम्ही गावात घरी भाजून आणतो, तुमच्या इमारतीत भाजणार नाही. कोलंबी फक्त शुक्रवारी, बंद डब्यातून. दोघींपैकी कुणी आजारी पडलं तर तिच्या जागी मी येईन. गर्दीत भाकरी गार होऊ नये म्हणून आधी थापून ठेवणार नाही, त्यामुळे दीड वाजता रांगेत थोडं थांबावं लागेल. आणि जे आम्हाला जमत नाही तेही लिहिलं. मोठ्या पार्ट्यांचं जेवण आम्ही करू शकत नाही. तो भाग मी एकदा पुसलाही. पण कपाटाचं खालचं दार मी आईंपासून लपवलं नव्हतं, मग यांच्यापासून का? शेवटी: खाद्यपदार्थांच्या नोंदणीची प्रत सोबत जोडली आहे. एक आठवडा ठेवून बघा. माझा फोन नंबर.

एका पानात मावलं. क्षिप्रा उठली तेव्हा माझी मांडी बधीर झाली होती, आणि तोंड जागं झालं होतं.

संध्याकाळी आईंना पत्र मराठीत सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "शेताचा नाय लिवलास?"

"नाही, आई. काउंटर द्यायचा की नाही हे ठरवायला त्यांना ते लागत नाही."

आई जरा वेळ क्षिप्राच्या झबल्याची नाडी सोडत-बांधत राहिल्या. "बरा," त्या म्हणाल्या. "मंग ता मी तिला भाकरी देताना सांगन."

शुक्रवारी मी सेक्टरमधल्या दुकानातून पत्र छापून आणलं. जाड पांढरा कागद मुद्दाम मागून घेतला. घरी येऊन आम्ही दोघींनी सह्या केल्या. आईंची सही मराठीत, सावकाश, जीभ दातात धरून. तेवढ्यात क्षिप्रानं लंगोट भरला म्हणून मी तिला आत घेऊन गेले. बाहेर आले तर आई देव्हाऱ्यासमोर उभ्या, आणि पत्राच्या चारही कोपऱ्यांना ओल्या हळदीची बोटं.

"आई, हे काय केलंत?"

"काय केला? पहिला पत्र हाय आपला. कोरा कसा धाडायचा? कोरा कागद सुतकाचा."

"ती लग्नपत्रिका असते, आई. हे बिझनेस लेटर आहे."

"मंग? हे काय अशुभ हाय?"

मी घड्याळ बघितलं. दुकानाच्या दिशेनं धावले. शटर अर्धं खाली आणि लाईट गेलेली. दुकानदार बाहेर स्टुलावर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होता. घरून ई-मेल करता आला असता, पण मॅडमच्या उत्तरात सही केलेली प्रत गेटावर मागितली होती. मी तशीच निघाले, कडेवर क्षिप्रा, हातात ते पत्र, आणि मनात आईंवर एवढा राग की रस्ता कधी संपला कळलं नाही.

हौसेरावांनी कागद हातात घेतला आणि कपाळाला आठी घातली. "वयनी, डाग पडल्यात."

"डाग नाहीत. हळद आहे. आईंनी लावली."

"आसं व्हय." त्यांनी कागद डाव्या हातातून काढून दोन्ही हातांत धरला. "मग नीट नेतो." आणि खरोखर, देवाचं ताट न्यावं तसा घेऊन ते लिफ्टकडे गेले.

बोलावणं पुढच्या बुधवारी आलं. आईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. क्षिप्राला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तीही आली. वरच्या मजल्यावर दोन्ही केटरर जाड फायली मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या बुटांत क्षिप्राला तिचं तोंड दिसलं, आणि ती खाली वाकून तिथेच बघत बसली. त्या दोघांना आधी आत बोलावलं. ते लवकर बाहेर आले आणि आमच्याकडे न बघता गेले.

मोनाली देसाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. टेबलावर आमचं पत्र होतं. एवढ्या पांढऱ्या कागदांमध्ये ते एकटंच पिवळ्या कोपऱ्यांचं, लांबूनही ओळखू येत होतं. मी घरून एक इंग्रजी वाक्य तयार करून आणलं होतं, त्या हळदीबद्दल माफी मागायचं. ते ऐन वेळी तापाच्या अर्जासारखं होऊ लागलं.

"नमिता तुम्ही?" त्यांनी मराठीतच विचारलं. "बसा ना. बाळाला खाली सोडलं तरी चालेल."

क्षिप्राला भिंत सापडली.

"मी सरळ सांगते," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांच्या फायलीत फोटो सुंदर होते. पण माणसं आजारी पडली तर काय, वासाचं काय, प्रत्येक गोष्टीला मला फोन करावा लागला. तुमचं पत्र वाचलं आणि फोन हातात घेतला, तर विचारायला काही उरलंच नव्हतं. पार्ट्या जमणार नाहीत हेसुद्धा तुम्हीच सांगून टाकलंत. पार्ट्यांसाठी माझ्याकडे दुसरे लोक आहेत. मला रोजचं जेवण हवं होतं." मग त्यांनी पत्राच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "एकच विचारायचंय. हे काय आहे?"

मी तोंड उघडलं. आई आधी बोलल्या.

"हलद हाय, बाय. पहिला पत्र आमी कोरा धाडत नाय."

मोनाली देसाईंनी बोटाला लागलेला पिवळा रंग बघितला, आणि हसू दाबायचा प्रयत्न सोडून दिला. "मी याचा स्कॅन बंगळूरला पाठवला. तिकडून विचारलं, तुमचा प्रिंटर बिघडलाय का? मी म्हटलं, नाही, अर्जदारांचा आहे बहुतेक. तरी मंजूर केलं त्यांनी. एक तारखेपासून काउंटर तुमचा."

आईंनी माझा हात धरला. भाकरी थापून थापून त्यांचा तळवा खरखरीत आणि गरम असतो. त्यांनी असा दाबला की दाढेची जखम आठवली. मग त्यांना वाटलं असावं की काहीतरी बोलायला हवं. "तवा कुठं ठेवाचा, ता बघून घेऊ का?"

कंपनीचं पत्र दोन दिवसांनी आलं. छापील लेटरहेड, वर माझं नाव, 'डिअर मिसेस मढवी', आणि पहिल्याच वाक्यात: काउंटर आपल्याला देण्यात येत आहे. मी ते क्षिप्राला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं टाळ्या वाजवल्या, पण ती तेव्हा कावळ्यालाही वाजवायची. आईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट केला.

"एवरी शिकलेली बाय," त्या म्हणाल्या, "आनि कागद कोरा धाडला." आणि हळदीची वाटी आणायला उठल्या.

एक तारखेला मीही गेले, क्षिप्राला पाठुंगळी घेऊन. दीडला रांग दारापर्यंत गेली. हौसेरावांना युनिफॉर्मवर आत येऊन जेवायची परवानगी होती, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि बाजरीचं मोठ्यानं सांगितलं, तेव्हा कुठे मला आपण खरंच आत आलोय असं वाटलं. गर्दी जरा ओसरल्यावर मोनाली देसाई रांगेत येऊन उभ्या राहिल्या, ताट स्वतः धरून. आईंनी तव्यावरची फुगलेली भाकरी त्यांच्या ताटात ठेवली, आणि ताट सोडलं नाही.

"तू उभी हाय ना, बाय," आई म्हणाल्या, "तिथं आमचा भात व्हता. बांध थेट खिडकीपर्यंत."

मोनाली देसाईंनी खिडकीकडे बघितलं, मग पायाखाली. मागची पोरं थांबली होती. "मग हा तांदूळ?" त्यांनी हळूच विचारलं.

"हा वाशीचे मार्केटचा," आई म्हणाल्या. "पन थापनारी त्या बांधावरचीच हाय. खा, गरम हाय तवर."

आणि ताट सोडलं.